गुडघ्याचं कार्ड

६ फेब्रुवारी

ती. अक्कांना नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं. तब्येत ठीक आहे. वर्कशॉप चालू आहे. गेल्या महिन्यात आपल्याकडून एकेचाळीस कृत्रिम पाय बाहेर पडले. ह्यांना जाऊन पाच महिने झाले, त्यातला हा सगळ्यात मोठा आकडा.

आता कामाचं. ज्या हॉस्पिटलसाठी आपण पाय बनवतो तिथे नवीन खरेदी अधिकारी बाई आल्या आहेत. त्यांचं पत्र आलं. पुढच्या दोन वर्षांचं काम हवं असेल तर ३१ मार्चपर्यंत लेखी आराखडा द्यायचा. पायाचा कोणता भाग कुठून येतो, तो यायचा थांबला तर तुम्ही काय कराल, सगळं त्यात हवं. आराखडा पटला नाही तर काम दुसऱ्या मोठ्या कंपनीला जाईल. आपलं गिऱ्हाईक एवढं एकच. ते गेलं तर वर्कशॉपला कुलूप लावावं लागेल आणि मिस्त्रींसकट नऊ माणसं घरी बसतील.

मिस्त्रींना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पंचवीस वर्षं पाय कागदाशिवाय चालले. आता कागद कुणाच्या पायाने चालणार, तेही विचारा बाईंना."

हे असते तर त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं असतं आणि हॉस्पिटलात जाऊन तोंडी उत्तर दिलं असतं. सगळं त्यांच्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यात नाही. पण मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. माहीत नसलेली गोष्ट शोधायची कशी, एवढं मला येतं. तुम्ही बंदरावरच्या विमा कचेरीत बत्तीस वर्षं हेच केलंत, कुठला माल कुठे अडकेल याचा अंदाज बांधलात. सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा. बाकी मी करते.

तुमची भावजय


१३ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना आशीर्वाद.

"तब्येत ठीक आहे" हे तू पाच महिन्यांत नवव्यांदा लिहिलंस. मी मोजते. माझीही ठीक आहे.

प्रत्येक भागाचं एक कार्ड कर. महाग-स्वस्त बघू नको, स्क्रूचंसुद्धा कर. कार्डावर तीन प्रश्न. हा भाग कोण देतो? तो उद्या थांबला तर कपाटातला माल किती दिवस पुरेल? आणि दुसऱ्या कुणाकडून तो भाग हातात यायला किती दिवस लागतील? कपाटातले दिवस कमी पडले की कार्डाला लाल खूण. जितके दिवस कमी, तितके दिवस कुणीतरी पायाची वाट बघत घरी बसणार. त्यामुळे नुसता आकडा लिहू नको, वाट बघणाऱ्याचं काम काय तेही लिही. म्हणजे कार्ड फडताळात पडून राहत नाही.

एकदा आमच्या धक्क्यावर चारशे सायकली एकोणीस दिवस पडून होत्या. चाकं आली, सीटा आल्या, घंट्यासुद्धा आल्या. व्हॉल्व्हच्या पिना नव्हत्या. साहेब लोक रोज येऊन टायर मोजून जायचे. म्हणून सांगते, महाग वस्तूकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तू खिशात मावणाऱ्या वस्तूंकडे बघ.

गिऱ्हाईक एकच असणं हेही लाल कार्डच आहे. पण ते यंदा भिंतीवर लावू नको, अधिकारी बाईंना वाईट वाटेल.

मिस्त्रीला सांग, कागदाला पाय नसतात म्हणूनच तो जागेवर सापडतो. माणसाचं तसं नाही.

अक्का


२५ फेब्रुवारी

ती. अक्कांना नमस्कार.

तब्येतीचं लिहीत नाही.

कार्डं झाली. एकूण त्रेपन्न. ऑफिसच्या भिंतीवर दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावली आहेत. मिस्त्री रोज सकाळी येऊन म्हणतात, "काय, वाळली का?" पण कालच त्यांनी स्वतःहून पट्ट्याच्या बकलाचं कार्ड काढून त्यावर दुसऱ्या दुकानदाराचा पत्ता लिहिला.

लाल कार्डं तीनच निघाली. रबरी पंजा एकाच ठिकाणाहून येतो आणि वीस दिवस कमी पडतात. मी दोन नव्या कारखान्यांकडून नमुने मागवले. एकाचा पंजा मिस्त्रींनी भिंतीवर आपटून नापास केला, दुसऱ्याचा पास केला. सॉकेट, म्हणजे मांडी जिच्यात बसते ती वाटी, ज्या रेझिनची करतात त्याला मुदत असते, त्यामुळे नुसता साठा करून भागत नाही. दर दोन महिन्यांनी थोडं थोडं मागवायचं ठरवलं. आतल्या मऊ मोज्यांचं काम एका शिवणकामवाल्या बाईंना जमेल. त्यांना नमुना दिला आहे.

सगळ्यात निश्चिंत कार्ड गुडघ्याचं. गुडघ्याचा धातूचा सांधा हा पायातला सगळ्यात नाजूक भाग, आणि त्यासाठी ह्यांनी आधीपासून दोन पुरवठादार ठेवले आहेत. एक टेकडीवरचे, दुसरे पुलाजवळचे. दोघांना निम्मं निम्मं काम. टेकडीवरच्यांचा माल पहिल्या आठवड्यात येतो, पुलाजवळच्यांचा तिसऱ्या. म्हणजे एकाची गाडी अडली तरी दुसऱ्याची आहेच. अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. ते कार्ड लिहिताना बरं वाटलं. तुम्ही आज मला जे शिकवता ते ह्यांनी न शिकता केलं होतं.

वाट बघणाऱ्यांत एक बागकाम करणारे गृहस्थ आहेत. पाय नसलेल्या बाजूला मोठी कुंडी ठेवतात आणि तिला टेकून उभे राहून कलमं बांधतात. त्यांचा नंबर मेमध्ये आहे. गुडघ्याच्या कार्डावर त्यांचं काम लिहिलं.

मी अजून स्टुलावरच बसते. ह्यांच्या खुर्चीत फायली ठेवल्या आहेत.

तुमची भावजय


३ मार्च

मास्तरीणबाईंना आशीर्वाद.

पंजाचं, रेझिनचं आणि मोज्यांचं काम चोख झालंय. आमच्या कचेरीत असतीस तर मी तुला माझ्या शेजारचं टेबल दिलं असतं, खिडकीचं.

पण गुडघ्याच्या कार्डावर तू प्रश्न विचारलेच नाहीस. नमस्कार करून पुढे गेलीस.

दोन बादल्या आहेत म्हणून दोन विहिरी आहेत असं होत नाही. टेकडीवरचा आणि पुलाजवळचा, दोघं गुडघा कशापासून करतात? तो धातू कोण ओततं? वर्गात एखाद्या पोराने "सरांनी सांगितलंय म्हणून" असं उत्तर लिहिलं असतं तर तू किती मार्क दिले असतेस?

बारक्याने केलं म्हणजे बरोबरच असेल, असं धरून चालू नको. मी त्याला चालायला शिकवलंय. तो सरळ रस्ता सोडून बाजूच्या गटारात पडायचा, आणि वर हसायचा. भाऊ म्हणून सोन्यासारखा होता. पण आराखड्यात सोनं चालत नाही.

जाऊन बघ. पत्राने विचारू नको.

अक्का


९ मार्च

ती. अक्कांना नमस्कार.

पत्र मिळालं. दोघेही पुरवठादार अकरा वर्षं नियमित माल देत आहेत. आराखडा जवळजवळ तयार आहे. गुडघ्याचं कार्ड आहे तसंच ठेवते. हे इथे नसताना त्यांच्या कामात चुका शोधणं मला योग्य वाटत नाही.

तब्येत ठीक आहे.

तुमची भावजय


२० मार्च

ती. अक्कांना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, मागचं पत्र उत्तर देण्यासारखं नव्हतं. ते पेटीत टाकलं आणि तिथूनच परत आले. मिस्त्रींना म्हटलं, "चला, टेकडीवर जाऊ." ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. डबा आणलाय दोघांचा."

टेकडीवरचे गृहस्थ साठीचे आहेत. एक मोठा लेथ, बाकी शेड रिकामी, सगळं झाडून पुसून. मी विचारलं, ओतीव भाग कुठून घेता? त्यांनी पायाने एक लाकडी खोकं पुढे सरकवलं. खोक्यावर निळा मासा छापलेला होता. फाउंड्रीची खूण म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुलाजवळ गेलो. दारातच तशीच चार खोकी रचलेली. चारही खोक्यांवर निळा मासा.

मी उंबऱ्यावरच थांबले. अक्का, विहीर एकच आहे.

पुलाजवळचे म्हणाले, "आत या की. साहेबांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं? टेकडीवरचा माझा थोरला भाऊ. निळा मासा म्हणजे आमच्या वडिलांच्या मित्राची फाउंड्री. आम्ही दुसरीकडे कुठे जाणार?"

वडील गेल्यावर लेथ कुणी ठेवायचा यावरून दोघांचं फाटलं. अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्याआधी वडिलांच्या शेडमधून आपल्याला सगळे गुडघे यायचे. फाटल्यावर दोघेही वेगवेगळे येऊन ह्यांच्यापुढे बसले. ह्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. निम्मं निम्मं केलं. आणि एकाला पहिल्या आठवड्यात, एकाला तिसऱ्या आठवड्यात बोलावलं ते गाडी अडेल म्हणून नव्हे. दोघांची आपल्या फाटकात गाठ पडू नये म्हणून.

म्हणजे मी ज्याला आराखडा समजले तो एका भांडणावर घातलेला पडदा होता.

परतताना बसमध्ये मिस्त्रींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं तुम्हालाही असेल." सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणीच लिहून ठेवत नाही, हे त्या दिवशी शिकले.

तिसऱ्या दिवशी फाउंड्रीत गेले. मालक पंचाहत्तरीचे, मुलगी हाताशी आहे. तिने सांगितलं, भट्टीला तडे गेलेत, ५ मेला ती उतरवून नवी बांधायची, पाच महिने काम बंद. दोन्ही भावांना कळवलं आहे. दोघांनीही आपल्याला कळवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण सांगितलं तर आपलं काम दुसऱ्याकडे जाईल. कपाटात अडतीस गुडघे आहेत. बागवाल्या गृहस्थांचा नंबर आला असता आणि पाय गुडघ्यापाशी थांबला असता.

मी घाबरले नाही. कशाने कोण जाणे, उलट बरं वाटलं. आता भोक कुठे आहे ते दिसत होतं.

फाउंड्रीची मुलगी म्हणाली, "बंद व्हायच्या आत आम्ही दोनशे नग जास्त ओतून देऊ. पण घासायचे कुणी आणि भोकं पाडायची कुणी? एकेकट्याला ऑगस्ट उजाडेल." तिचं खरं होतं. थोरल्यांचा लेथ मोठा, पण ड्रिल जुनं. धाकट्यांचं ड्रिल नवीन, लेथ लहान. सगळं घासकाम टेकडीवर आणि सगळी भोकं पुलाजवळ, असं केलं तर सहा आठवड्यांत होतं. फक्त माल एका भावाकडून दुसऱ्याकडे जायला हवा.

परवा दोघांना एकाच वेळी बोलावलं. ह्यांनी जे अकरा वर्षं टाळलं तेच मी केलं. बसायला जागा एकच होती, जिथे नवीन पाय लावलेले लोक दोन दांड्यांना धरून चालायला शिकतात ती खोली. एक भाऊ दांड्यांच्या या टोकाला बसला, एक त्या टोकाला. मधे मिस्त्री उभे.

थोरले म्हणाले, "मिस्त्री, त्याला सांगा, टेम्पो त्याने आणायचा."

धाकटे म्हणाले, "मिस्त्री, त्यांना सांगा, मला ऐकू येतं."

मिस्त्री म्हणाले, "मी पाय बनवतो. तोंडं बनवायचं काम आपल्याकडे नाही."

मी दोघांना एकच कागद दिला. एकच प्रत काढली होती. त्यावर कुठल्या तारखेला किती नग कुणाकडून कुणाकडे जायचे ते होतं, आणि खाली वाट बघणारी बासष्ट माणसं, त्यांच्या कामासकट. कागद थोरल्यांनी वाचला. मग उठून दांड्यांच्या मधून चालत गेले आणि धाकट्यांच्या हातात दिला. वाचता वाचता धाकटे काहीतरी पुटपुटले. थोरले म्हणाले, "भोक किती मिलिमीटरचं धरलंयस?"

"दहा."

"साडेनऊ पाड आधी. मग दहा."

"माहीत आहे. तूच शिकवलंस."

मिस्त्री चहा आणायला म्हणून गेले ते बराच वेळ आले नाहीत.

दोघांनी सही केली. दुसऱ्या फाउंड्रीसाठी लाकडी साच्याची नक्कल करायला टाकली आहे, जुलैत चाचणी. गुडघ्याचं कार्ड लाल केलं आहे. पण खाली काय करायचं ते पूर्ण लिहिलं आहे.

मागच्या पत्राबद्दल रागावू नका.

तुमची भावजय


२५ मार्च

मास्तरीणबाईंना आशीर्वाद.

रागावले नव्हते. तू जाशील हे मला माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. उत्तर आलं की तू उत्तराला उत्तर देत बसली असतीस.

आता माझंही ऐक. दोन भावांचं मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी मी बारक्याला अशीच कार्डं करायला सांगितली होती. त्याचं पत्र सोबत पाठवते, मूळचंच, नक्कल नाही. शेवटून तिसरी ओळ बघ. "अक्का, दोघे भाऊ एकदा एका टेबलाशी बसू देत, मग तुझी कार्डं लावतो. आत्ता लावली तर दोघांची फाउंड्री एकच हे लिहावं लागेल आणि एकाला काढावं लागेल." मी ते तुला आधीच सांगितलं असतं तर तू पुलाजवळ गेलीच नसतीस. घरी बसून तब्येत ठीक आहे असं आणखी एकदा लिहिलं असतंस.

तो चांगुलपणाने थांबला होता. पण वाट बघणं म्हणजे आराखडा नव्हे, आणि त्याच्याजवळ तेवढे दिवसही नव्हते. तो गेला त्या दिवशी माझ्या घरचा फोन शेजारणीने घेतला. तिने पाटीवर खडूने लिहून मला दाखवलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला तीन शब्द पुरले. ती पाटी मी अजून पुसलेली नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

एक कार्ड राहिलंय. खरेदी कोण करतं? तू. तू आठ दिवस अंथरुणाला खिळलीस तर? दुसरं कोण? आपल्या घराने ही चूक एकदा केली आहे.

अक्का


१४ एप्रिल

ती. अक्कांना नमस्कार.

आराखडा २९ मार्चला दिला. ८ एप्रिलला अधिकारी बाई स्वतः आल्या. तरुण आहेत, कमी बोलतात. मला बरं वाटलं. त्रेपन्न कार्डं त्यांनी एकेक करून वाचली. गुडघ्याच्या लाल कार्डापाशी बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "इतरांच्या आराखड्यात एकही लाल कार्ड नव्हतं." मी म्हटलं, "आमच्यातही महिन्यापूर्वी हे नव्हतं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग चोपन्नावं कार्ड वाचलं. "खरेदी. कोण करतं: मी. दुसरं कोण: मिस्त्री." त्या मिस्त्रींकडे वळल्या. "तुम्हाला येतं?" मिस्त्री म्हणाले, "बाई आठ-दहा दिवस रोज तासभर शिकवतायत. काल तोंडी परीक्षा झाली. रेझिनची मुदत सोडून सगळं आलं." त्यांनी विचारलं, "आणि रेझिनची मुदत?" ते म्हणाले, "ती कार्डावर आहे ना. म्हणून तर कार्ड."

त्या हसल्या नाहीत, पण चहा संपवला. काल पत्र आलं. दोन वर्षांचं काम आपल्याला मिळालं.

एकशे वीस गुडघे तयार आहेत. टेम्पो धाकटे आणतात आणि थोरले तो थोडा उशिराच भरतात, म्हणजे चहा होतो. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. काल भोकाच्या कडा घासण्यावरून दोघांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. मिस्त्री म्हणाले, "बरं आहे, मला निरोप्याचं काम उरलं नाही." बागवाले गृहस्थ सोमवारी येऊन माप देऊन गेले. जाताना म्हणाले, कुंडी मोकळी झाली की तिच्यात लिंबू लावणार.

ह्यांचं पत्र मी वाचलं. एकदाच. मग गुडघ्याच्या कार्डामागे चिमट्याने लावलं. तिथेच त्याची जागा आहे.

मिस्त्रींना शिकवायला सुरुवात केली तेव्हा एक अडचण आली. ऑफिसात स्टूल एकच. ते त्यांना दिलं. मला बसायला खुर्चीतल्या फायली खाली काढाव्या लागल्या. पहिल्या दिवशी कडेवर बसले. आता नीट बसते. खुर्ची ह्यांच्या मापाची, म्हणून माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. पायाखाली जादा गुडघ्यांचं एक खोकं घेतलं आहे, निळ्या माशाचं. ऑक्टोबरपर्यंत ते उघडायची गरज पडणार नाही.

तुमची भावजय